गोठ्यातलं जेवण

आळेफाटा,
ता. ५ नोव्हेंबर १९९८

ती. साळूआक्कास,
चांगदेवचा साष्टांग नमस्कार.

फोनच करणार होतो. पण डिंभ्याचा फोन म्हणजे किराणा दुकानातला. तुला बोलवायला माणूस जाणार, तू येईपर्यंत दुकानातल्या चौघांना बाची तब्येत कळणार, आणि तू फोन कानाला लावलास की ते चौघे आपलं मीठमिरची विसरून उभे राहणार. माझेही कान तसलेच, म्हणून मला ठाऊक. तेव्हा पत्र.

बाला दवाखान्यातून पिंपरी पेंढारला घरी आणलं. उजवं अंग अजून लुळंच आहे, वाचा गेली ती आलेली नाही. डावा हात मात्र चांगला चालतो. अडचण गिळण्याची आहे. घास पोटाकडे न जाता श्वासाच्या वाटेनं छातीत उतरेल असं डॉक्टर म्हणतात, म्हणून नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली आहे. तू दवाखान्यात आली होतीस तेव्हा ती नव्हती. एकदम पाहून घाबरशील म्हणून आधी कळवतो. खरं म्हणजे पाहायला यायची घाईच करू नकोस.

काम अवघड नाही, मी शिकलोय. बाला उशांना टेकवून अर्धा बसता करायचा. नळीवर नाकाजवळ खूण आहे, ती सरकली नाही ना बघायचं. सिरिंजनं थोडं ओढून पोटातलं येतंय ना याची खात्री करायची. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावायची आणि हातात उंच धरायची. आधी पाणी, मग जेवण, मग परत पाणी, म्हणजे नळी धुतली जाते. ढकलायचं नाही, आपलं आपण उतरू द्यायचं. झाल्यावर बराच वेळ आडवा करायचा नाही. तोंडानं काही खात नसला तरी तोंड रोज ओल्या फडक्यानं पुसायचं.

माझी फजिती सांगतो. दवाखान्यातून पावडरीचा डबा दिलाय, किती पाण्यात किती चमचे ते वर छापलंय. मी म्हटलं, आळेफाट्यावर माझ्या रश्श्यासाठी नाशिकच्या गाड्या थांबतात आणि माझा बाप हे पाणचट पिणार? पावडर दुप्पट घातली. बाला जुलाब लागले. मग घरची डाळ शिजवून, मिक्सरमधून काढून, वर तूप सोडून चांगली दाट केली, तर नळीच तुंबली. नवी नळी घालायला दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. म्हणाल्या, "शेठ, हे काय हॉटेल न्हाई. हितं दाटपणाला मान न्हाई. मापात करा आन गाळून घ्या." कपबशा विसळण्यापासून सुरुवात करून दाट रश्श्यावर नाव कमावलं, आणि बापाच्या बाबतीत तेच आडवं आलं. आता डब्यावरच्या मापानं करतो.

घरात फोडणी बंद केली आहे. वासानं त्याचा जीव तुटायला नको. त्याला आधी भरवतो, मग मी आणि भागू मागं गोठ्यात जाऊन गुपचूप उरकतो. त्याच्या समोर घास उचलायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं. भेटायला येणाऱ्यांना "झोपलाय" म्हणून सांगतो. गाव म्हणणार, पोराच्या हॉटेलात ड्रायव्हर-क्लीनर ढेकर देतात आणि बापाला घास नाही. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा,
चांगदेव

---

डिंभे,
ता. १३ नोव्हेंबर १९९८

चि. चांगदेव यास,
साळूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. त्यात सिरिंजची माहिती लई आणि बाची कमी. तो दिवसभर काय करतो, कुणाकडं बघतो, हसतो का, ते एक अक्षर नाही. "बाकी सर्व ठीक" हे तू शाळेत नापास झालास तेव्हाही म्हणाला होतास.

मंचरच्या बाजारात आपल्या भावकीतला हौशीराम भेटला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, रागावू नका, पन सोमाजीकाका हाय ना? दोनदा गेलो, दाराला कडी. चांगदेव म्हनतो झोपलाय. मानूस एवढं झोपतंय व्हय?" मला भर बाजारात मान खाली घालावी लागली. झाकली मूठ म्हणतोस, पण लोक मुठीत काय असेल याचा अंदाज बांधतात आणि तो खऱ्यापेक्षा वाईट असतो.

आणि लाज कुणाची धरतोस? ज्याच्या हातचं वाढलेलं सगळ्या पिंपरी पेंढारनं खाल्लं त्याची? लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, उपरणं कमरेला बांधून बा उभा. माझ्या लग्नात शेवटची पंगत उठेस्तोवर दिवस कलला होता. सासऱ्यांनी हाताला धरून पाटावर बसवला, तरी हा पठ्ठ्या परत उठला. समदी जेवली म्हटल्यावर चुलीपाशी उभ्या उभ्या ताकभात खाल्ला. घरीही तसंच. आई म्हणायची, या मानसाला गरम भाकरी म्हाईतच न्हाई. अशा माणसाला भेटायला आलेल्यांना तू दारातून परत पाठवतोस.

मी येत्या आठवड्यात येते. एस.टी. मिळाली तर. डिंभ्याची गाडी तुझ्यासारखी आहे, येते म्हणते आणि फाट्यावरच अडकते.

साळू

---

डिंभे,
ता. २५ नोव्हेंबर १९९८

चि. चांगदेव यास,
आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू त्या दिवशी चहा घेऊन जो फाट्यावर गेलास तो मी निघेपर्यंत आला नाहीस. सीझन आहे, समजते. पण जे बोलायचं होतं ते त्यामुळं राहिलं.

बाच्या डाव्या मनगटावर वळ आहे. बांगडी घातल्यासारखा, सगळीकडून गोल. कापडाचा वळ ओळखू येतो, बैलाच्या पायाला दावं काचलं तरी मला कळतं. मी भागूला विचारलं, हे काय? तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. 

चांगदेवा, मला उघड लिहू दे. तू दिवसभर धंद्यावर. घरात ती एकटी. कंटाळली असेल, नाही म्हणत नाही. पण सासऱ्याला खाटेला बांधायचं? तिचा स्वतःचा बाप असता तर हात उचलला असता का तिचा? तू तिला चांगली समज दे. मी बोलले असते, पण पाहुणी म्हणून गेलेली, भांडून कशी येऊ.

बा पार वाळलाय. गालफडं बसलीत. मला ओळखलं, डोळ्यातून पाणी आलं. सारखा डावा हात हवेत फिरवून दाराकडं नेत होता. काय मागत होता कळलं नाही. भुकेचंच असणार. तुमच्या त्या दुधासारख्या पाण्यानं माणसाचं काय पोट भरतंय. इथल्या धरणातल्या मरळ माशाचं कालवण आणलं होतं, बाला आवडायचं म्हणून सवयीनं केलं. ते भागूकडं दिलं. तुम्ही खाल्लं असेल.

साळू

---

आळेफाटा,
ता. ६ डिसेंबर १९९८

ती. साळूआक्कास,
सा. न.

पत्र मिळालं. हाताचं लिहिलंस ते भागूला सांगितलं आहे. पुन्हा होणार नाही. तो विषय आता काढू नकोस.

तू गेल्यावर बाला ताप भरला. श्वास घरघरायला लागला. गाडीत घालून दवाखान्यात नेला. छातीत कफ नव्हे, न्यूमोनिया. आता उतार आहे, काल घरी आणला, म्हणून आज लिहितोय. तेव्हा कळवलं असतं तर तू रात्रीबेरात्री निघाली असतीस.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, "तोंडानं काही दिलं होतं का?" मी छातीठोक सांगितलं, माझ्या घरात असं कुणी करणार नाही. घरी आल्यावर भागूला विचारलं. नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, तर रडायला लागली. रडण्यासारखं काय होतं त्यात? मला वाटतं, तिनंच मायेनं नाहीतर चुकून काहीतरी घातलं असणार. बायकांना घास तोंडात गेल्याशिवाय जेवण वाटत नाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं आहे.

आता एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती ती सांगतो. बा नळी ओढतो. सगळं जागच्या जागी असतं, मी सिरिंज उंच धरतो, जेवण उतरायला लागतं, आणि हा डाव्या हातानं नळी उपसतो. आधी हात दाराकडं फिरवतो, मग ओढतो. मला चालता हो म्हणत असावा. तू भूक म्हणतेस, पण भुकेचा माणूस जेवण कशाला उपसून टाकेल? परत परत नळी घालून नाकातून रक्त येतं. त्या वेळी सिस्टर माझ्याकडं बघतात ते मला सहन होत नाही.

डॉक्टर म्हणाले, नळीनं पूर्ण जेवण पोटात टिकलं, अंगात ताकद आली, तर हळूहळू गिळायला शिकवता येईल, आशा आहे. असंच उपसत राहिला तर पुण्याला नेऊन पोटाला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल, आणि या वयात ते सोसेल का सांगता येत नाही. म्हणजे सगळं त्या एका हातावर आलंय. दिवसभर चांगला असतो, माझ्या शर्टाचं बटण लावून देतो. जेवण म्हटलं की वैरी होतो.

चांगदेव

---

डिंभे,
ता. २१ डिसेंबर १९९८

चि. चांगदेवा,

तुझं पत्र येऊन पडलंय. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते. दाजी विचारतात, भावाला पत्र घातलं का? मी म्हणते, घातलं. तेही खोटं.

भागूनं बाला काही दिलं नाही. मी दिलं.

तू फाट्यावर गेलास. भागू धारा काढायला गोठ्यात गेली. बा हात फिरवून दाराकडं, चुलीकडं नेत होता. मला वाटलं, माझी पिशवी तिकडं आहे, त्याला कालवणाचा वास आला असणार. लेक धरणावरून मासळी घेऊन आली आणि बाप नळीनं पाणी पितोय. मला राहवलं नाही. रस्सा गार केला आणि चमच्यानं ओठांना लावला. त्यानं डोळे मिटले, ओठ हलवले. आणखी एक दिला. तोही घेतला. मी मनात म्हटलं, बघ, तुमच्या डॉक्टरला काय कळतंय. पोटच्या लेकीच्या हातचं गिळतो बा.

मग ठसका लागला. तोंड निळसर झालं. मी पाठ चोळली, तोंड पुसलं, वाटी मोरीत नेऊन राखेनं घासली. भागू धावत आली, "काय झालं वन्सं?" मी म्हटलं, काही नाही, आपोआप आला. तिनं वाटीकडं बघितलं. मासळीचा वास राखेनं जातोय थोडाच. तिला सगळं कळलं होतं रे. तरी तू विचारल्यावर तिनं माझं नाव घेतलं नाही. रडली. आणि मी त्याच आठवड्यात तुला लिहिलं, तिचा बाप असता तर हात उचलला असता का.

मी बाला जवळजवळ मारलाच होता, आणि ते तिच्या नावावर पडू दिलं. तुझं पत्र आलं तेव्हा तरी लगेच लिहायचं. तेव्हाही मनात आलं, ताप उतरलाय, आता कशाला.

तिला माझ्याकडून काय सांगू? तूच काहीतरी सांग. 

साळू

---

आळेफाटा,
ता. २८ डिसेंबर १९९८

ती. साळूआक्कास,
नमस्कार.

तुझं पत्र गल्ल्यावर बसून वाचलं. एक ड्रायव्हर पैसे द्यायला उभा होता, तो म्हणाला, "शेठ, कोण गेलं का?" मी म्हटलं, नाही, पत्र आलंय.

बाचा हात मी बांधत होतो.

भागू नाही. मी. तू लिहिलंस, भागूला समज दे, आणि मी तुला लिहिलं, भागूला सांगितलं आहे. सांगितलं काय, तर आक्काला वळ दिसला, आता बांधायचं बंद. तिनं नुसती मान हलवली. तुझ्या पत्रात तिला काय बोल लावलाय ते मी तिला वाचूनही दाखवलं नाही. आयता दोष तिच्या अंगावर पडला होता, मी उचलला नाही. बांधलं कशानं तेही सांगतो. खुंटीवर त्याचं उपरणं होतं, पंगतीत कमरेला गुंडाळायचा ते. मऊ आहे, काचणार नाही म्हणून तेच घेतलं. पहिल्यांदा गाठ मारली तेव्हा त्यानं हात ओढला नाही. उपरण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सिरिंजकडं बघत राहिलो. त्याच्यानंतर मात्र तो रोज ओढून बघायचा, त्याचा तो वळ.

आता परवाचं ऐक. नाशिकहून यायचा भाजीचा माल आला नाही म्हणून मी दुपारीच घरी आलो. पायरीवर चपला काढताना आतून कांदा फोडल्याचा आवाज आला. मग भाकरीचा तुकडा मोडल्याचा. माझे कान तुला माहीत आहेत. आवाज गोठ्याकडून नव्हता, बाच्या खोलीतून होता. जाऊन बघतो तर भागू खाटेपाशी जमिनीवर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवतेय. त्याच्या डोळ्यांसमोर.

मी म्हटलं, "लाज न्हाई वाटत? मानूस उपाशी अन् तू त्याच्या म्होरं खातीस?"

ती उठली नाही. घास खाली ठेवला आणि म्हणाली, "लाज धरून धरून माजी भूक मेली. सकाळधरनं उभी हाय. गोठ्यात उभ्यानं खायचं, तोंडातल्या तोंडात चावायचं, भांड्याचा आवाज करायचा न्हाई. चोरी केल्यावानी. आज पाय गळाले, बसले हितंच. आन तुमी माज्यावर डोळं काढताय, जरा मामंजींकडं बगा की."

मी बघितलं. बा तिच्याकडं टक लावून होता. दुःखानं नाही. हॉटेलात नवं कालवण केलं की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं मी बघतो ना, तसा. तिनं घास उचलला तशी त्याची नजर घासाबरोबर वर गेली. ती ताट पुसून पाणी प्यायली, तेव्हा त्यानं डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान उशीला टेकवली. भागू म्हणाली, "आता भरवा." मी सिरिंज लावली. पाणी, जेवण, पाणी, सगळं उतरलं. हात छातीवरून हलला नाही.

योगायोग म्हटलं. संध्याकाळी पुन्हा आधी त्याला भरवायला घेतलं, तर हात फिरवला आणि नळीला घातला. मी सिरिंज काढून घेतली. भागूला म्हटलं, बस बाई इथंच, जेव. ती जेवली. मग त्यानं घेतलं. तेव्हापासून हाच क्रम चाललाय. कारण मला नीट कळलेलं नाही. अर्धवट कळतंय, पण पुढं विचार करायचं धाडस होत नाही.

भागूशी बोलायला गेलो. ती म्हणाली, "तुमी बोलनं टाकलं तवा घरात लई शांत वाटत व्हतं." मला हसावं का रडावं कळेना.

चांगदेव

---

डिंभे,
ता. ४ जानेवारी १९९९

चि. चांगदेवा,

अरे गाढवा, तो तुला हाकलत नव्हता. आणि माझ्याकडं कालवणही मागत नव्हता.

आठव जरा. पंगतीच्या टोकाला उभा राहून बा हात कसा फिरवायचा? तळवा खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी चुलीकडं. ही ओळ झाली का, वाढप्यांचं झालं का, चुलीपाशी कोण राहिलं का. आपण लहानपणी त्याची नक्कल करायचो. तू तर त्याचं उपरणं बांधून करायचास.

तुम्ही गोठ्यात लपून खाल्लंत. त्याच्या कानावर भांडं वाजलं नाही, नाकाला फोडणी लागली नाही, दारातून माणूस आत आला नाही. त्याला काय कळणार? घरात चूल पेटत नाही, सगळी उपाशी, आणि आपण एकटे खातोय. तो जेवणाला वैरी झाला नव्हता. आपण लाज वाटून त्याला आधी वाढलं, आणि त्याच्या लेखी याहून मोठी लाज नाही. वाचा नाही म्हणून नळी उपसून सांगत होता, तर त्याचाच हात बांधला. तू बांधलास, आणि मी दुसऱ्याच्या नावानं ओरडले.

डॉक्टरांना विचारून घे, पण हे चालू ठेवा. दार उघड. फोडणी घाल, खमंग घाल.

खालचा मजकूर भागूसाठी आहे. तिला वाचता येतं. कागद तिच्या हातात दे, तू वाचून दाखवू नकोस, मधलं गाळशील.

भागू, वाटी मी घासली आणि दोष तुझ्यावर पडू दिला. तुला वास आला होता हे मला ठाऊक आहे, आणि तू गप्प राहिलीस हेही. माझ्या भावानं आणि मी तुला दोन्ही बाजूंनी धरलं. माफ कर असं लिहायला मला तोंड नाही. मी येईन तेव्हा तू काय बोलायचं ते बोल, मी खाली बसून ऐकेन. आणि मला जेवायला वाढू नकोस, मी वाढीन.

साळू

---

आळेफाटा,
ता. १६ जानेवारी १९९९

ती. साळूआक्कास,
सा. न.

तुझा कागद भागूला दिला. तिनं चुलीपाशी बसून वाचला, घडी घातली आणि फडताळात मिठाच्या बरणीमागं ठेवला. काय लिहिलंय ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "वन्सं आल्या की त्येंना भाकरी थापाय लावते."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. हात बांधल्याचंही सांगितलं. त्यांनी आधी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाले, भरवायच्या वेळा आणि माप सोडू नका, तोंडानं थेंब नको, बाकी सगळं घर त्याच्या समोर जेवलं तर माझी ना नाही. वजन थोडं वाढलंय. पुढच्या महिन्यात गिळण्याचं बघू म्हणतात. बघू. अजून भरवसा देत नाहीत.

भोगीला दार उघडलं. हौशीरामला आणि भावकीतल्या चार घरांना जेवायला बोलावलं. आधी त्यांना ओट्यावर थांबवून सांगितलं, बाच्या नाकात नळी आहे, तो असाच जेवतो, आणि इतके दिवस मी तुम्हाला खोटं सांगून परत पाठवलं. सांगताना कानापर्यंत तापलो होतो. हौशीराम म्हणाला, "आरं, नळीच हाय ना? आमी म्हनत व्हतो तू म्हाताऱ्याला कुटं सोडून आलास." आक्का, तुझं खरं होतं. खऱ्यापेक्षा वाईटच अंदाज होता.

बाच्या खोलीतच पंगत धरली. बाजरीची भाकरी, तीळ, भोगीची भाजी. भाजी मीच केली, आणि फोडणी अशी घातली की गोठ्यातली गाय शिंकली. उशा लावून बाला बसता केला. त्याचं उपरणं मी धुऊन ठेवलं होतं, ते खांद्यावर टाकलं. त्यानं ते एका हातानं ओढून कमरेपाशी घेतलं. लोक आधी घास उचलेनात. खाली मान घालून भाकरी चिवडत बसली. मग हौशीराम म्हणाला, "काका बगतोय रं, नीट जेवा, न्हाईतर वाढंल आजून." तेव्हा सगळे जेवायला लागले. बाची नजर एकेका पानावरून फिरत होती.

पंगत उठली. हात धुऊन सगळे बाला बघायला पुन्हा आत आले. मी सिरिंज लावली, पाणी सोडलं. जेवण ओतलं, आणि ते उतरेना. मला वाटलं पुन्हा तुंबली. बघतो तर बानं डाव्या हातानं नळी चिमटीत धरली होती. ओढली नव्हती, नुसती दाबून धरली होती. सिरिंज माझ्या हातात उंच, जेवण जिथल्या तिथं, आणि सगळी भावकी बघतेय.

हौशीराम म्हणाला, "काका, समद्यांची पोटं भरली, आता सोडा की."

बानं चिमटी सोडली. हात मोकळा झाला की उपसेल या धास्तीनं मी नळी मुडपून धरली. त्यानं हात उचलला, तळवा खाली केला आणि रिकाम्या पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. हात दाराकडं गेला, चुलीकडं, आणि तिथंच राहिला. दारात भागू उभी होती. भाकरीची दुरडी कमरेला, कपाळाला पीठ. सगळ्यांना वाढून ती तशीच राहिली होती. आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

ती म्हणाली, "माजं काय, मी मागनं खाईन." बाचा हात खाली येईना.

मी सिरिंज आणि मुडपलेली नळी हौशीरामच्या हातात दिली, तशीच उंच धर म्हटलं. पाट मांडला. भागूच्या हातातली दुरडी घेतली आणि तिला बसवलं. ताट घेतलं, भाकरी ठेवली, भाजी वाढली, तीळ वाढले, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. आळेफाट्यावर आजवर मी किती ताटं वाढली असतील. भागूचं हे पहिलं. ती मान खाली घालून जेवत होती आणि भावकीसमोर मी दुरडी घेऊन नोकरासारखा उभा होतो.

तिचं होईपर्यंत बा थांबला. मग हात छातीवर घेतला, तशी हौशीरामनं नळी सरळ केली.

जेवण उतरायला लागलं तेव्हा भागू पाटावरूनच म्हणाली, "भाजीत मीठ कमी पडलंय. हॉटेलातबी असंच करता व्हय?"

चांगदेव